राहून गेलेले वाक्य

विज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवण्याची मला जुनी खोड आहे. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडायचे, राजकारण आणि भाववाढ मनातल्या मनात वाचायची, आणि आकाशात काही घडले असेल तर ते मात्र साऱ्या घराला ऐकवायचे, असा माझा शिरस्ता. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोची ग्रहपदवी काढून घेतली, तेव्हा ती बातमी मी अशीच गंभीर आवाजात वाचली. सौभाग्यवतींनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विचारले, "त्याला कळवलं का?" २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, त्या संध्याकाळी आमच्या इंदूरच्या आळीत पेढे वाटले गेले. त्यातला पेढा खात खात मी शेजाऱ्यांना अवतरणाचे चार टप्पे समजावून सांगितले. पस्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढी मोकळीक असावी.

अशा बातम्यांवर मत देणे फार सोपे असते. प्लूटोला आपले काही देणे नसते आणि चंद्राकडून काही येणे नसते. पण गेल्या पावसाळ्यात अशीच एक बातमी वर्तमानपत्रातून उठून आमच्या माजघरात येऊन बसली, आणि त्या दिवसापासून माझ्या मतांना जरा किंमत मोजावी लागली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

तिची सुरुवात एका गाण्याच्या बातमीपासून झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'बीटल्स' या इंग्रजी वाद्यवृंदाचे 'नाउ अँड देन' हे शेवटचे म्हणून गाजलेले गाणे प्रसिद्ध झाले. त्यातला मुख्य आवाज जॉन लेननचा. लेनन १९८० च्या डिसेंबरात मारला गेला. त्याआधी काही वर्षे, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी पियानोवर बसून हे गाणे साध्या कॅसेटवर मुद्रित करून ठेवले होते. त्याच्या पत्नीने १९९४ मध्ये ती कॅसेट सहकाऱ्यांच्या हाती दिली, त्यांनी पुढे प्रयत्नही केला. पण पियानोचा आवाज गळ्यावर चढलेला, त्यात विजेची घरघर, म्हणून ते काम सोडून द्यावे लागले. पुढे पाव शतकाने संगणकाला माणसाचा गळा आणि पियानो वेगळे ओळखायला शिकवता आले, तेव्हा तो आवाज राखेतून निखारा उचलावा तसा अलगद बाहेर काढण्यात आला. हे वाचून मी 'वा!' म्हटले.

दोनच महिन्यांनी दुसरी बातमी आली. 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून घडवून घेतले. हमीद १९९७ साली गेले, बाक्या २०२२ साली. दोघांच्याही कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचे आणि त्यांना मानधन दिल्याचे रहमान यांनी जाहीर केले होते. तरीही मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि 'हे काही बरे नव्हे' असे मत दिले. का, असे कोणी विचारले नाही, म्हणून मलाही उत्तर शोधावे लागले नाही.

ते उत्तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघाले.

थोरला भाऊ, आमचा दादा, १९७८ साली नोकरीसाठी मस्कतला गेला. होळकरांच्या चाकरीत आमचे पूर्वज माळव्यात आले, त्यानंतर समुद्र ओलांडून जाणारा घरातला तो पहिलाच. पहिल्या सुट्टीत त्याने एक 'टू-इन-वन' आणला. रेडिओही तोच आणि टेपरेकॉर्डरही तोच, ही गोष्ट आईला कितीतरी दिवस पटत नव्हती. ट्रंक कॉल महाग, पत्रांना दोन-तीन आठवडे लागत. म्हणून मग कोणी आखाताकडे जाणारे भेटले की त्यांच्याबरोबर कॅसेट पाठवायची पद्धत पडली. अशा कॅसेटी त्या काळात पुष्कळ घरांतून गेल्या-आल्या असतील. १९८० च्या दिवाळीत आमच्याकडे साठ मिनिटांची एक कॅसेट भरली गेली. ती मस्कतला गेली, दादाने ऐकली, आणि पुढल्या उन्हाळ्यात सुट्टीवर येताना परत आणली.

पेटी साफ करताना ती माझ्या नातवाच्या हाती लागली. तो संगणकशास्त्र शिकतो आणि सुट्टीला आला होता. टू-इन-वनचे पट्टे केव्हाच विरघळून गेले होते. त्याने कुठून तरी संगणकाला जोडता येणारा छोटा कॅसेट-प्लेयर मिळवला, कॅसेटचे स्क्रू काढून फितीवर आलेली पांढरी बुरशी मऊ फडक्याने पुसली, आणि एका रात्री जेवणानंतर कळ दाबली.

आधी खरखर. मग वडिलांचा आवाज. त्यांनी ध्वनिमुद्रणातही पत्राचा मायना सोडला नव्हता: "चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष." पाच मिनिटे त्यांनी हवापाणी आणि घरपट्टी सांगितली. आणि मग आई. आई १९९६ साली गेली. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. डोळ्यांपुढे चेहरा आणता येतो. आवाज मात्र मनात आणू म्हटले तरी येत नाही, हे मला त्या रात्री कळले. आईने सुरुवातच केली, "बोलू ना? चालू होऊन राहिलं का हे?"

फितीवरचे ध्वनिमुद्रण म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण विशिष्ट रीतीने चुंबकित होऊन बसलेले असतात. चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची ती फीत वर्षानुवर्षे गुंडाळून पडली की एका वेढ्यातले चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडेसे उमटते. त्यामुळे काही वेळा एखादे वाक्य येण्याच्या क्षणभर आधी त्याची पुसट सावली ऐकू येते. मी वर्गात हे शिकवले असते तर त्याला दोष म्हटले असते. त्या रात्री मात्र आई बोलण्याआधी मनातल्या मनात जुळवाजुळव करते आहे, असे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी नातवाने आवाज स्वच्छ करायला घेतला. खरखर गेली, घरघर गेली. त्याचे यंत्र मोठे हुशार. बोलणे ठेवायचे आणि बाकीचे सारे गोंगाट म्हणून गाळायचे, हे त्याला शिकवलेले. आईच्या मागे पंपाचा स्टोव्ह फरफरत होता, कोणी तरी झाऱ्याने कढईच्या काठावर ठोकत होते, बाहेरून टांग्याची घंटा जात होती. ते सारे पुसले गेले आणि आई एखाद्या रिकाम्या खोलीत बसून बोलल्यासारखी वाटू लागली. मी म्हटले, "अरे, तो स्टोव्ह परत आण." नातू हसला, पण त्याने आणला. खरखर काढायची, घर काढायचे नाही, असा आमचा करार ठरला. लेननच्या गाण्याला मी 'वा' का म्हटले होते, ते मला इथे कळले. जे होते तेच वर आले होते. त्यात कोणी भर घातली नव्हती.

कॅसेटची पहिली बाजू संपली. दुसऱ्या बाजूवर आई पुन्हा सुरू झाली. चिरोट्यांना यंदा पदर चांगले सुटल्याचे सांगितले, सराफ्यातल्या गर्दीबद्दल सांगितले, "धारच्या मावशीचं माहीत पडलं का तुला?" असे विचारून मावशीच्या सुनेचे सांगितले. चौथ्या मिनिटाला ती थांबली. स्टोव्ह बंद केल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि हे बघ, एक सांगायचं राहूनच जाऊन राहिलं..."

खट्ट! आणि एकदम लताबाई गाऊ लागल्या.

'एक दूजे के लिए' हा चित्रपट जून १९८१ मध्ये आला. लताबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांची त्यातली गाणी त्या पावसाळ्यात रेडिओवर सारखी लागत. नायक तमिळ, म्हणून बालसुब्रह्मण्यम यांच्या हिंदीचे दाक्षिणात्य वळणही त्यात शोभून गेले होते. त्या वर्षीचे राष्ट्रीय पारितोषिकही त्यांना त्याच चित्रपटासाठी मिळाले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. एम.एस्सी. होऊन वर्ष उलटले होते आणि नोकरी नव्हती. कोरी कॅसेट विकत आणायला वडिलांकडे पैसे मागणे जड जात होते. दादाने आणलेल्या कॅसेटींतली एक उचलली आणि विविध भारती लावून कळ दाबली. टेपरेकॉर्डरमध्ये मुद्रण करणाऱ्या शीर्षाच्या आधी पुसणारे शीर्ष असते. नवे लिहिण्यापूर्वी ते जुने साफ करत जाते. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की पुन्हा त्यावर मुद्रण होत नाही. कोणी मोडल्या नव्हत्या. आईचे उरलेले बोलणे मी माझ्या हाताने पुसले, आणि ते मला चाळीसहून अधिक वर्षे ठाऊकही नव्हते.

लताबाईंचा जन्म १९२९ साली आमच्याच इंदूरचा. हा अभिमान इथल्या घराघरात आहे, माझ्याही. पण त्या रात्री आयुष्यात प्रथमच मला त्यांचा आवाज नकोसा झाला.

नातवाने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र येऊन म्हणाला, "आजोबा, ऐका. रागावू नका हं." आणि त्याने संगणकावर काही लावले. स्टोव्ह बंद झाला. आईचा आवाज खाली आला. "आणि हे बघ, एक सांगायचं राहूनच जाऊन राहिलं..." आणि खट्ट न होता, लताबाई न येता, आई पुढे बोलली: "तब्येतीची काळजी घे, आणि वेळेवर जेवत जा."

मी खोटे सांगणार नाही. पहिल्या क्षणी माझा कंठ दाटून आला. आवाज तिचाच होता. श्वास तिचा, 'जेवत'मधला किंचित लांबलेला स्वर तिचा. मी तो पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र काही तरी खटकले. आमच्या आईने 'तब्येतीची काळजी घे' हे शब्द जन्मात उच्चारले नसतील. ती 'जिवाला जप' म्हणायची. तिच्या मराठीत माळवा होता. 'करून राहिले', 'येऊन राहिले' होते. पुण्याच्या पाहुण्यांनी त्या मराठीला हसावे आणि आईने त्यांच्या पानात आणखी एक चिरोटा वाढावा, असे अनेकदा घडले होते. यंत्राने आवाज आईचा घेतला आणि बोली दुसऱ्याच कोणाची तिच्या तोंडी घातली.

यात नातवाचाही दोष नव्हता. त्याने आपल्या परीने एक शहाणे, मायेचे वाक्य टंकून दिले होते. यंत्राचे कामही मी समजून घेतले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये अशी एक प्रणाली जाहीर केली होती. सुमारे साठ हजार तासांच्या इंग्रजी बोलण्यावर तिला शिकवले होते, आणि मग कोणा अनोळखी माणसाच्या अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून ती त्याच्या आवाजात हवे ते वाक्य म्हणू शकत होती. असंख्य लोक कसे बोलतात यावरून, हा माणूस हे वाक्य कसे म्हणेल, याचा ती अंदाज करते. अंदाज अचूक असतो. पण तो अंदाजच असतो. कोणत्याही आईने परदेशी असलेल्या मुलाला काय सांगावे, तेच माझ्या आईने सांगितल्याचे मला ऐकवण्यात आले होते.

गमतीची गोष्ट अशी की एडिसनला हे सारे आधीच हवे होते. १८७७ मध्ये त्याने फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली. त्यात घरातल्या माणसांच्या आठवणी आणि मरणाऱ्यांचे अखेरचे शब्द त्यांच्याच आवाजात जपून ठेवणे, हाही एक उपयोग होता. जपून ठेवणे, एवढेच. न बोललेले शब्द बोलून घेणे हे त्याच्या यादीत नव्हते. आज मोठ्या गायकांना यासाठी न्यायालयात जावे लागते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची संमतीवाचून नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. आपल्याच माणसाच्या आवाजात पैसे मागणाऱ्या फोनच्या बातम्याही आपण वाचतोच. नामवंतांच्या आवाजाला कायद्याचे कवच मिळेल. स्टोव्हपुढे बसून चिरोटे तळणाऱ्या बाईच्या आवाजाचे राखणदार आपणच. आणि मी तर राखणीत एकदा चुकलेला.

त्या रात्री झोप आली नाही. यंत्राला विचारण्यापेक्षा ज्याने ते वाक्य ऐकले होते त्याला विचारावे, ही साधी गोष्ट मला पहाटे सुचली. दादा आता पुण्याला मुलाकडे असतो. ऐकू कमी येते, पण फोनवर बोलतो. मी सकाळी फोन लावला.

"दादा, त्या ऐंशीच्या दिवाळीतल्या कॅसेटमध्ये आई शेवटी काय म्हणाली होती, आठवतं का रे?"

"कुठल्या? तू गाणी भरलीस त्या?"

मी गप्प झालो. मग विचारले, "तुला माहीत होतं?"

"पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा लावली होती मी. गाणी लागली. म्हटलं, असू दे. तेव्हा तुझं काही बरं चाललं नव्हतं."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मला वाटले फोन तुटला. मग म्हणाला, "शब्द नाही आठवत आता. पण तुझ्याबद्दलच होतं. धाकट्याला निराळं पत्र टाकत जा, म्हणाली. घरच्या पत्रात शेवटी 'धाकट्यास आशीर्वाद' एवढंच येतं. तेवढं ऐकून तो उठून जातो, काही बोलत नाही. असं काहीसं."

मी फोन ठेवला आणि त्याच पेटीत तळाशी बांधून ठेवलेला दादाच्या पत्रांचा गठ्ठा काढला. माझ्या एकट्याच्या नावे आलेले त्याचे पहिले हवाई पत्र डिसेंबर १९८० चे आहे. कॅसेट पोचल्यानंतरचे. त्यात मस्कतच्या समुद्राचे वर्णन आहे, एका वाळवंटी किल्ल्याचे आहे, आणि 'तुझा अभ्यास व्यर्थ जाणार नाही' असे एक वाक्य आहे. पुढे मला नोकरी लागेपर्यंत दर महिन्याला एक पत्र येत राहिले. त्या दिवसांत मला उभे धरणारी ती पत्रे दादाला आपणहून सुचली, असे मी आजवर समजत होतो. पुसलेले वाक्य असे दुसरीकडे जाऊन लिहिले गेले होते.

रहमान यांच्या बातमीला 'हे काही बरे नव्हे' म्हणालो होतो, ते मत आज मी थोडे बदलून मांडीन. ज्यांनी परवानगी दिली, त्यांच्या घरातला निर्णय त्यांचा. त्या कुटुंबांना तो आवाज पुन्हा ऐकून बरे वाटले असेल, तर मी कोण बोलणारा? मी एवढेच सांगेन, की यंत्र आपल्याला शक्य असलेले वाक्य देते, आणि आपल्या माणसाने जे म्हटले ते बहुधा कोणाच्याही अंदाजाबाहेरचे असते. मी हजार अंदाज केले असते तरी ते वाक्य माझ्याबद्दल असेल, असे मला सुचले नसते.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील. एखाद्या आजीची ओवी, एखाद्या मुंजीतली मंगलाष्टके, परगावी गेलेल्या मुलाला पाठवलेली खुशाली. ज्या मराठीला आपली पाहुणेमंडळी हसत आली, ती कदाचित त्या फितींवरच तेवढी उरली असेल. त्या लवकर ऐकाव्यात, यंत्राची मदत घेऊन स्वच्छ कराव्यात. आणि जिथे तुटले असेल तिथे, ऐकणारे कोणी हयात असेल तर त्याला आधी फोन करावा.

नातवाला मी दादाचे उत्तर सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. त्याने बनवलेले ते वाक्य त्याच्या संगणकात अजून आहे की नाही, मी विचारलेले नाही. कॅसेटची स्वच्छ केलेली प्रत आम्ही सगळ्या भावंडांना पाठवली. तीत स्टोव्ह आहे, टांगा आहे, आणि चौथ्या मिनिटानंतर लताबाईही आहेत. मूळ कॅसेट मी पुन्हा पेटीत ठेवली. ठेवण्यापूर्वी नखाने तिच्या पाठीच्या त्या दोन पट्ट्या मोडल्या.